खतना : सातव्या वर्षी झालेलं चाळिशीतही का छळतं?

बडोदेकरीण

विषय अवघड आहे, पण इथे डॉक्टर आहेत, समुपदेशन करणाऱ्या आहेत, वकील आहेत, शिवाय बडोद्याचे बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतेय. माझी कॉलेजपासूनची एक मैत्रीण दाऊदी बोहरा (शिया मुसलमानांतला एक पंथ) आहे. नाव, भाग काही लिहीत नाही, थोडे तपशील बदललेत आणि तिला विचारूनच हे टाकतेय. तिची मुलगी आता सात वर्षांची होईल. सासूबाई मागे लागल्यात की यंदाच्या सुट्टीत उरकून टाकू. काय उरकायचं, तर खतना. मुलीची, म्हणजे तिच्या गुप्तांगाचा भाग कापणं.

मैत्रिणीचंही त्याच वयात झालं. नानी आइस्क्रीम खायला नेते म्हणून घेऊन गेली. जुन्या घराचा उभा लाकडी जिना, वर एक खोली, जमिनीवर चादर. ब्लेड धरणाऱ्या बाईचा चेहरा तिला आठवत नाही. आठवतात त्या नानीच्या पाटल्या, कारण नानीने तिचे हात दाबून धरले होते आणि पाटल्या मनगटात रुतत होत्या. नंतर खरंच आइस्क्रीम मिळालं. घरी आल्यावर कुणी एक अक्षर काढलं नाही आणि तिलाही बजावलं की पप्पांना, भावाला, मैत्रिणींना कुणालाच सांगायचं नाही.

आज ती चाळिशीला आलीय, चांगली नोकरी आहे, नवरा समंजस आहे, पण कुणी मनगट धरलं की तिचा श्वास अडकतो. माझ्या लग्नात कासार चुडा भरायला बसला होता, त्याने तिचा हात हातात घेतला आणि ही पांढरीफटक पडून उठून गेली. बाळंतपणाच्या वेळी तपासणीच्या टेबलावर इतकी आखडली की नर्स तिच्यावर ओरडली. नवऱ्याजवळ जाणं म्हणजे दात आवळून पार पाडायचं काम, हे तिने मला गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितलं आणि वर म्हणाली, "माझ्यातच काहीतरी खोट असेल."

मला दोन गोष्टी कळून घ्यायच्यात. एवढ्या वर्षांनी हे मनावर असं बसून राहतं का, आणि त्यावर काही उपाय असतो का? आणि मी त्या जमातीतली नाही, तर त्या पोरीसाठी मी नेमकं काय करू शकते? आगाऊपणा न करता.

मिलिंद_इंदूर

वाचून सुन्न झालो. हे आफ्रिकेत होतं एवढंच माहीत होतं. आमच्या सियागंजात बोहऱ्यांची दुकानं आजोबांपासून ओळखीची, त्यांच्या घरातल्या मुली डॉक्टर, सीए. इतक्या शिकलेल्या समाजात हे चालतं यावर विश्वासच बसत नाहीये.

स्त्रीरोगवाली

मिलिंद, चालतं. शिक्षणाने आपोआप थांबत नाही, कारण जे कुणाला सांगायचंच नाही त्यावर शिकलेली माणसं तरी चर्चा कुठे करणार.

आधी डॉक्टर म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटना याचे चार प्रकार करते. पहिल्यात योनिलिंग म्हणजे क्लिटोरिस किंवा त्यावरचं नाजूक आवरण कापतात, दुसऱ्यात आतले ओठही, तिसऱ्यात कापून उरलेला भाग शिवून किंवा चिकटवून अगदी छोटं भोक ठेवतात, आणि चौथ्यात टोचणं, डागणं, खरवडणं असं बाकीचं सगळं येतं. बोहरा समाजात होतं ते बहुतेक पहिल्या प्रकारचं किंवा चौथ्यातलं. "नुसता कट मारतात" असं सांगितलं जातं, पण सात वर्षांच्या मुलीचा तो भाग केवढा असतो याचा विचार करा. पोर हातपाय झाडतेय, भूल नाही, उजेड जेमतेम, आणि आवरण तेवढं कापून खालचं काही दुखवायचं नाही, हे मला ऑपरेशन थिएटरात पूर्ण भूल देऊनही सोपं वाटणार नाही. हजारो मज्जातंतूंची टोकं तिथे एकवटलेली असतात. वैद्यकीय फायदा शून्य.

अशा बायका माझ्याकडे येतात त्या खतनाची तक्रार घेऊन येत नाहीत. पांढरं जातं, संबंधांच्या वेळी दुखतं, मूल राहत नाही, असं सांगत येतात. तपासायला घेतलं की गुडघे घट्ट मिटतात. काहीजणी छताकडे बघत एकदम गप्प होतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत. अशा वेळी मी हातमोजे काढून ठेवते. तिला उठून बसवते, आज तपासायचं नाही असं सांगते. पुढच्या वेळी कुठलं उपकरण, कशासाठी, किती वेळ ते आधी दाखवते, आणि ती 'थांबा' म्हणाली की थांबायचं असा शब्द देते. निम्म्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असतं.

तुमच्या मैत्रिणीवर ओरडणाऱ्या नर्सला हे कुणी शिकवलेलं नसणार. आमच्या अभ्यासक्रमातही यावर फारसं काही नसतं.

पुणेकर_७१

मुलांची सुंता होतेच की सर्रास. त्यावर कुणी धागा काढत नाही. हा प्रश्न मुद्दाम एका समाजावर रोखलेला वाटतो.

स्त्रीरोगवाली

मुलांच्या सुंतेवर वेगळा धागा काढा, मी येईन, लहान मुलाच्या संमतीचा प्रश्न तिथेही आहेच. पण दोन्ही एका मापाने मोजू नका. मुलाची सुंता होते ती वाजतगाजत, जेवणं घालून, तो त्याचा मान असतो. मुलीची होते ती लपवून, आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं की पुढे तिची इच्छा ताब्यात राहावी. एकाच्या वाट्याला कौतुक येतं, दुसरीच्या वाट्याला गुपित. मनावर होणारा परिणाम यामुळेही वेगळा होतो.

मनोमन

मी समुपदेशक आहे, बडोद्यातच. बडोदेकरीण, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. मैत्रिणीच्या बाबतीत तू जे लिहिलंयस (मनगट धरलं की श्वास अडकणं, तपासणीत आखडणं, अमुक जागा, अमुक स्पर्श टाळणं) ते आघातानंतरच्या ताणविकारात, म्हणजे पीटीएसडीत अगदी ओळखीचं आहे. सेनेगलमधल्या डकार शहरात झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, छोटाच होता, खतना झालेल्या २३ आणि न झालेल्या २४ बायकांचा. झालेल्यांपैकी ३० टक्क्यांना पीटीएसडी होता, आणि जवळपास निम्म्या जणींना काही ना काही मानसिक विकार. झालेल्यांच्या समाजात ती रूढीच होती, म्हणजे 'आमच्यात हे नॉर्मलच आहे' असं वातावरण होतं, तरीही मन दुखावायचं ते दुखावलंच.

पण समुपदेशनाच्या खोलीत मला दिसतं ते आकड्यांच्या पलीकडचं आहे. ब्लेडचं दुखणं बायका बऱ्याचदा दोन वाक्यांत सांगून टाकतात. अडकतात त्या 'कुणी नेलं' या जागी. चोर, गुंड, अनोळखी माणूस कुणी नव्हतं. जिच्या कुशीत झोपायचं, जिच्याकडून गोष्ट ऐकायची तिनेच फसवून नेलं, तिनेच धरून ठेवलं. सात वर्षांचं मूल यातून काय शिकतं, तर प्रेम करणारं माणूस केव्हाही धरून ठेवू शकतं. मग मोठेपणी नवऱ्याचा प्रेमाचा स्पर्शही त्याच खात्यात जमा होतो. आईशी नातं वरवर नीट असतं, रोज फोन होतो, भाजी काय केली ते बोलतात, पण मधे एक बंद दार असतं आणि दोघींना ते माहीत असतं.

आणि न बोलण्याचा हुकूम. मुलाला लागलं, पडलं, तर ते दहा जणांना फुंकर घालायला दाखवतं, त्यातून भीती निवळते. इथे ती वाटच बंद केलेली. त्यामुळे कित्येकींना 'माझ्यातच खोट' असं वाटत राहतं, अगदी तुझ्या मैत्रिणीच्या शब्दांत. तिला एवढं नक्की सांग की खोट तिच्यात नाही, आणि यावर उपचार आहेत. आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा बायकांना नैराश्य, चिंता, पीटीएसडी असेल तर सीबीटी म्हणजे विचार-वर्तन उपचार देण्याचा विचार करावा असं आहे, लैंगिक समुपदेशनही सुचवलंय. वेळ लागतो पण फरक पडतो, मी पाहिलाय.

सगळ्यांनाच असा त्रास होतो असं मात्र समजू नका. काहींना काहीच आठवत नाही, काहींना खरंच काही वाटत नाही. 'तुला त्रास होत असणारच' असं म्हणून कुणाच्या मागे लागणं हाही छळच.

शिवगर्जना_बडोदा

यांच्या धर्मातच बायकांना किंमत नाही. आपल्याकडे असलं काही कधी नव्हतं. उगाच सहानुभूती दाखवत बसण्यात अर्थ नाही.

दांडियाबाजारचे_आजोबा

शिवगर्जना, जरा थांबा. आपल्याकडे काय होतं ते मी सांगतो, कारण माझ्या आजीची आत्या आमच्या घरात आलवणात वावरलेली आहे. नवऱ्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं, बाराव्या वर्षी विधवा झाली, आणि न्हाव्यासमोर तिला बसवायला घरातल्या बायकाच पुढे होत्या. पुढे कित्येक वर्षं पदर सरकला की ती दचकून दोन्ही हात डोक्यावर न्यायची असं आजी सांगायची. १८९० च्या सुमारास कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनीच ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, तेव्हा कुठे चर्चा झाली. १८९१ ला संमतिवयाचा कायदा आला, मर्यादा १० वरून १२, फक्त १२ हो, तरी 'धर्मात हात घालता' म्हणून केवढं रान उठलं, टिळकसुद्धा विरोधात होते. इथे बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ ला बालविवाहाला बंदी घातली, तर लोक दंड भरून लग्नं लावत होते.

हे त्यांचं आणि ते आपलं असं करून त्या सात वर्षांच्या मुलीच्या हाती काय लागणार? तिच्याबद्दल बोला.

अ‍ॅडमिन

आजोबांशी सहमत. कुठल्याही धर्मावर सरसकट शेरे आले तर ते काढून टाकले जातील. शिवगर्जना, ही एकच सूचना.

रिदावाली

काल रात्रीपासून वाचतेय. लिहू की नको चाललं होतं. नवीन आयडी काढलाय, कारण तुम्हाला कळेलच.

मी बोहरा आहे. पुण्यात कॅम्पात वाढले, शाळेत मराठी होतं म्हणून मराठी, लग्न होऊन बडोद्यात. माझंही झालंय. मला त्या खोलीतलं फार आठवत नाही, काळी पूड लावली होती आणि मांड्या बांधल्यासारख्या जवळ घेऊन पडून राहायला लावलं तेवढं आठवतं. पण घरी आल्यावर लघवीला बसले आणि आग झाली, मी ओरडले, तेव्हा मम्मी मोरीच्या दाराशी कपडे धूत होती आणि तिने वळून पाहिलं नाही. घासतच राहिली. ती पाठ मला आठवते.

पहिली विनंती, कुणी 'बिचाऱ्या' म्हणू नका. आमच्यात खूप चांगलं आहे, ते मला सोडायचं नाहीये. एका थाळाभोवती आठ जण बसतो, मिठाची चिमूट घेऊन जेवणाला सुरुवात, ताटात दाणा टाकायचा नाही. कुणाचा धंदा बुडाला तर जमात उभी राहते. आजारपण, लग्न, मयत, मुलांची फी, सगळं त्यात गुंफलेलं असतं. म्हणूनच भीती पण तेवढी मोठी. उद्या मला बाहेर काढलं तर माझ्या आईला पुरायला कोण येणार, ही आमच्यातली खरी भीती आहे, लोकांना वाटतं तशी अंधश्रद्धा नाही.

कारण विचाराल तर कुणी पाकीझगी म्हणजे शुद्धता म्हणतं, कुणी सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत म्हणतं, जुन्या बायका सरळ 'हराम नी बोटी' म्हणजे पापाचा तुकडा म्हणतात, की ती राहिली तर मुलगी वाईट मार्गाला लागेल. कुराणात याचा उल्लेख नाही. दहाव्या शतकातल्या आमच्या फिक्हच्या म्हणजे धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा आधार देतात. आमच्यातल्याच बायकांची एक संघटना सुप्रीम कोर्टात सांगते की हे निरुपद्रवी आहे आणि आमचं धर्मस्वातंत्र्य आहे. त्या खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही, त्यांना त्रास नसेल झाला. पण २०१८ साली वी स्पीक आउट या आमच्याच बायकांच्या गटासाठी झालेल्या अभ्यासात साधारण ३३ टक्के बायकांनी सांगितलं की लैंगिक आयुष्यावर वाईट परिणाम झाला. त्याच्या आदल्या वर्षी सहियो या दुसऱ्या गटाने ३८५ बोहरा बायकांना विचारलं होतं, ८० टक्के जणींचं झालेलं निघालं. यातली प्रत्येक बाई नुकसान झालेली आहे असं नाही. पण माझ्या मुलीचं काय होईल याची चिठ्ठी टाकून बघायला मी कोण?

आणि मला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? २०१६ मधे सिडनी, लंडन अशा ठिकाणच्या जमातींनी पत्रं काढली, की या देशाच्या कायद्यात बसत नाही तर करू नका. म्हणजे ते थांबवता येतं! तिकडच्या मुली न करताच चांगल्या बोहरा राहतात. मग बडोद्याच्या मुलीने काय पाप केलंय?

माझ्या मुलीचं मी केलं नाही. सासूला सांगितलं नाही पण खोटंही बोलले नाही, विचारलं तेव्हा म्हटलं 'मी बघते.' पुढे मम्मीशी बोलले. खूप वर्षांनी. मी विचारलं, 'वळून का पाहिलं नाहीस?' ती म्हणाली, 'वळून पाहिलं असतं तर तुला घेऊन पळाले असते, आणि कुठे गेले असते?' मग आम्ही दोघी रडलो आणि तिने माझ्या केसांना तेल लावलं.

मनोमन

रिदावाली, लिहिलंत यासाठी मनापासून आभार. घाई नाही, वाटेल तेवढंच लिहा.

मिलिंद_इंदूर

ताई, 'बिचाऱ्या' म्हणणार नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

सुरसागर_काठी

विषयांतर होतंय पण थाळचा उल्लेख आला म्हणून. लहानपणी शेजारच्या बोहरा काकूंकडचं दाल चावल पलीदू खाल्लंय, त्या पलीदूची सर आमच्या आईच्या कढणाला नाही आली कधी, आणि आई हे वाचत नाहीये म्हणून धीराने लिहितेय.

रिदावाली

पलीदूत दुधीचे तुकडे आणि वरून मेथीची फोडणी असेल तर काकू अस्सल होत्या :)

वकील_रावपुरा

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण 'कायदा करा' असं कुणीतरी म्हणेलच. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. २०१७ मधे सुप्रीम कोर्टात जनहित याचिका झाली. त्याच डिसेंबरात महिला व बालविकास मंत्रालयाने कोर्टाला सांगितलं की असं होतं याची अधिकृत आकडेवारी नाही. आता नोंदच करायची सोय नाही तर आकडेवारी येणार कुठून? २०१८ मधे मात्र तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी सरकारतर्फे याचिकेला पाठिंबा दिला. त्याच वर्षी प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेलं, आणि २०१९ मधे शबरीमला मंदिरप्रवेशाच्या प्रकरणाबरोबर आणखी मोठ्या पीठाकडे (पुढे ते नऊ न्यायमूर्तींचं झालं) जायच्या प्रश्नांत जोडलं गेलं.

तोपर्यंत काहीच करता येत नाही असं नाही. इजा पोचवण्याची कलमं आहेत, आणि मुलगी अठराच्या आतली असल्याने पोक्सो म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदाही लागू होऊ शकतो असा युक्तिवाद आहे. ऑस्ट्रेलियात याच समाजातल्या प्रकरणात २०१९ ला तिथल्या हायकोर्टाने, जे त्यांचं सर्वोच्च न्यायालय आहे, छोटा कटसुद्धा कायद्याच्या कक्षेत येतो असं धरलं. म्हणजे 'नुसती खूण केली' हा बचाव तिथे चालला नाही.

रिदावालींनी बहिष्काराची भीती लिहिली ती कायद्याच्या इतिहासातही आहे. मुंबई प्रांताने १९४९ ला बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला, तो १९६२ मधे सुप्रीम कोर्टाने दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्याच याचिकेवर रद्द ठरवला. महाराष्ट्राने २०१६ मधे सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, पण तो गुजरातेत लागू नाही.

पुणेकर_७१

मग लवकर कायदा करा, दोन-चार जणांना आत टाका, आपोआप बंद होईल. एवढी चर्चा कशाला.

नैरोबीकर

पुणेकर, आपोआप होत नाही हो. मी बरीच वर्षं पूर्व आफ्रिकेत आहे. केनियात २०११ चा कडक कायदा आहे आणि त्याचा उपयोगही झालाय, पण काही भागांत मुलींना सीमेपलीकडे नेऊन करून आणतात, किंवा आणखी लहान वयात करतात म्हणजे पोर बोलणार नाही. इजिप्तमधे २००८ पासून गुन्हा आहे, तरी तिथे दायांच्या ऐवजी बऱ्याचदा डॉक्टरच करतात. जगात आज २३ कोटींहून जास्त मुली-बायकांचं झालेलं आहे, असं युनिसेफने २०२४ मधे सांगितलं.

इथे माझ्या ऑफिसात सोमाली सहकारी होत्या. तिकडे तिसरा प्रकार फार, शिवून टाकण्याचा. पाळीचं रक्त थेंबथेंब जातं, लग्नाच्या रात्री उघडावं लागतं, बाळंतपणात पुन्हा. एक जण मला म्हणाली की शाळेत असताना दर महिन्याला आठवडाभर ती घरी असायची आणि शिक्षकांना वाटायचं आळशी आहे. पुढे शाळाच सुटली. सामाजिक परिणाम म्हणतात तो असा असतो. आणि जिचं झालेलं नाही तिचं काय? तिला विहिरीवर बायका हिणवतात, तिच्या हातचं खात नाहीत, लग्न जमत नाही. आई हे सगळं बघते आणि मुलीला नेते. ती दुष्ट नसते, मुलीला एकटी पडू द्यायची तिची हिंमत नसते.

म्हणून एकेका आईला समजावून भागत नाही. गेरी मॅकी नावाच्या अभ्यासकाने १९९६ मधे चीनमधल्या पाय बांधण्याच्या प्रथेशी याची तुलना केली होती. तिथे आईबापांनी गट केले, शपथ घेतली की मुलीचे पाय बांधणार नाही आणि मुलासाठी बांधलेल्या पायांची सूनही करणार नाही. शेकडो वर्षांची प्रथा मग एका पिढीत गेली. सेनेगलमधे १९९७ ला मालिकुंडा बंबारा गावच्या बायकांनी जाहीरपणे सोडली. तेव्हा दुसऱ्या एका गावच्या वयस्क इमामाने सांगितलं की एका गावाने काय होणार, आपले सोयरे ज्या गावांत आहेत तिथेही बोलायला हवं, आणि स्वतः गावोगाव चालत गेला. पुढच्या वर्षी १३ गावांनी मिळून जाहीर केलं. एकत्र सोडलं की कुणाच्या पोरीचं लग्न अडत नाही.

पुणेकर_७१

हे पटलं. पण कायदा नसेल तर ज्या आईला नको आहे तिच्या हातात काय? 'पोलीस येतील हो' असं सासूला सांगायला तरी कायदा पाहिजे.

रिदावाली

पुणेकर, हे अगदी बरोबर बोललात. माझी नणंद मेलबर्नला असते. तिला कुणाशी भांडावंच लागलं नाही. 'इथे जेल होते' एवढं म्हणाली, विषय संपला. मला इथे वर्षभर 'मी बघते, मी बघते' करावं लागलं.

शिवगर्जना_बडोदा

आजोबा, आईला विचारलं. आमच्याकडेही पणजीच्या बहिणीचं केशवपन झालं होतं, आई म्हणाली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

दांडियाबाजारचे_आजोबा

अशा गोष्टी घरात सांगतच नाहीत. आईंना आठवत असेल तेवढं लिहून घ्या.

बडोदेकरीण

सगळ्यांचं मैत्रिणीला वाचून दाखवलं. 'कुणी नेलं' या जागी अडकतात हे मनोमनचं वाक्य तिने परत वाचायला लावलं. पण आता सुट्टी तोंडावर आलीय. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नाही, त्यांच्यात पुरुषांना सांगतच नाहीत म्हणे. सासूबाई मुलीला माहेरच्या गावी नेते म्हणतायत. आम्ही नेमकं काय करू?

मनोमन

आधी नवरा. तिने त्याला एकटं गाठून सांगावं, स्वतःचं झालेलं सगळं उघडं करायची गरज नाही, जेवढं झेपेल तेवढं. बरेच पुरुष हे ऐकून हादरतात आणि खंबीर उभे राहतात. 'आपल्या मुलीचं करायचं नाही' हे सासूला मुलाच्या तोंडून जाऊ दे, सुनेच्या तोंडून गेलं की ते सासू-सुनेचं भांडण होतं.

सासूला दोषी ठरवून बोलू नका. तिचंही झालंय, तेही सात वर्षांच्या वयात. शक्य असेल तर कधीतरी तिला विचारा, 'तुम्हाला कोणी नेलं होतं?' उत्तर आलं नाही तरी चालेल.

आणि मुलीला आत्ताच तिच्या वयाला झेपेल असं सांगा, की चड्डीच्या आतल्या जागेला कुणी हात लावायचा नाही, नानी-दादी-मावशी कुणीही, आणि कुणी 'हे सांगू नको' म्हणालं तर पहिलं येऊन मम्मीला सांगायचं. मैत्रिणीसाठी माझ्याकडे यायचं असेल तर केव्हाही, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, नाव सांगायला लागत नाही.

वकील_रावपुरा

वेळ आलीच तर मुलांसाठी १०९८ आणि गुजरातेत बायकांसाठी १८१ अभयम. फोन करावा लागणार नाही अशी आशा, पण नंबर नवऱ्याच्याही मोबाइलमधे असू दे.

स्त्रीरोगवाली

आणि मैत्रिणीला माझ्याकडे पाठवा. तपासायचं नसेल तर नुसत्या गप्पा मारू. संबंधांच्या वेळच्या दुखण्यावर पुष्कळ करता येतं, चाळिशी म्हणजे काही उशीर नाही.

रिदावाली

बडोदेकरीण, तू काय करू शकतेस विचारलंस ना. सुट्टीत त्या मुलीला तुझ्याकडे राहायला ने, तुझ्या मुलांबरोबर पोहायचा नाहीतर चित्रकलेचा क्लास लाव, म्हणजे गावी जाण्याचा विषयच निघणार नाही. हे आमच्यातलं कुणी केलं तर संशय येतो, तू केलंस तर कुणाला काही वाटणार नाही.

आणि तिला माझा आयडी दे. नैरोबीकरांनी लिहिलं तसं एकटीने नको. माझ्या ओळखीत अजून दोघी आहेत, दोघींच्या मुली याच वयाच्या. चौघी जणी आधी भेटू, मग नवऱ्यांना घेऊन भेटू. चौघींनी मिळून केलं नाही तर पुढे सोयरिकीच्या वेळी कुणाला बोट दाखवणार? तिला विचार, गुरुवारी दुपारी चालेल का, मी घरी एकटीच असते. पलीदू करते, सुरसागर_काठी, तुम्हीही या.

बडोदेकरीण

आत्ताच फोन केला. गुरुवार चालेल म्हणाली. नवऱ्याशी काल रात्री बोलली, तो बराच वेळ गप्प होता, मग उठून मुलीच्या खोलीत जाऊन बघून आला आणि म्हणाला, 'अम्मीशी मी बोलतो.' क्लासची चौकशी मी उद्या करते. पोहण्याची बॅच सकाळची असते की संध्याकाळची, कुणाला माहीत आहे का?

सुरसागर_काठी

दोन्ही असतात. मुलींची वेगळी बॅच सकाळी असते, फॉर्म लवकर भर, जागा भरतात. गुरुवारी येतेच.